मत गुप्त, मोजणी उघड : मतदान यंत्राची गोष्ट



तुमच्या वर्गात वर्गप्रमुखाची निवड कशी होते? पुष्कळ शाळांत गुरुजी विचारतात, "सुरेश कोणाकोणाला हवा? हात वर करा." हात मोजले जातात. मग शैलाचे नाव घेतले जाते, पुन्हा हात मोजले जातात आणि पाच मिनिटांत निकाल लागतो. या मोजणीबद्दल कोणीही शंका घेत नाही, कारण वर्गातल्या चाळीसही मुलांनी हात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असतात. पण सुरेश जर वर्गातला दांडगा मुलगा असेल, तर त्याच्यादेखत शैलासाठी हात वर करायला चांगलाच धीर लागतो. म्हणजे मोजणी खरी झाली, तरी मते मनापासूनची आहेत असे म्हणता येत नाही.

मग गुरुजी दुसरी युक्ती करतात. प्रत्येकाने चिठ्ठीवर एक नाव लिहायचे, घडी घालायची आणि चिठ्ठी डब्यात टाकायची. आता भीतीचे कारण उरले नाही. पण समजा, गुरुजी तो डबा घेऊन शिक्षकांच्या खोलीत गेले आणि परत येऊन म्हणाले, "शैला २१, सुरेश १९." तर सुरेश साहजिकच विचारील, "कशावरून?" गुरुजी खरे बोलत असतीलही, पण सुरेशला ते पटावे कसे?

निवडणुकीच्या या दोन अटी नीट ध्यानात ठेवा. पहिली, कोणी कोणाला मत दिले हे कोणालाही कळता कामा नये. दुसरी, मते बरोबर मोजली गेली हे सर्वांना कळले पाहिजे, आणि त्यातही जो हरला त्याला कळले पाहिजे. जिंकणारा सहसा तक्रार करीत नाही. हरलेल्याची खात्री पटली, तरच निवडणूक पार पडली असे म्हणायचे. या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. त्या दोन्ही सांभाळण्यासाठी केलेल्या खटपटीची ही गोष्ट आहे.

कागदाचे गुण आणि दोष

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. मतदार सतरा कोटींच्या वर होते आणि त्यांतील बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराला चिन्ह देण्यात आले आणि प्रत्येकासाठी वेगळी पेटी ठेवण्यात आली. मतदाराने फक्त आपली कोरी मतपत्रिका हव्या त्या चिन्हाच्या पेटीत टाकायची. या लोखंडी पेट्यांपैकी लाखो पेट्या मुंबईतील विक्रोळीच्या कारखान्यात तयार झाल्या होत्या. पुढे ही पद्धत बदलली. एकाच मतपत्रिकेवर सर्व नावे व चिन्हे छापली जाऊ लागली आणि मतदार रबरी शिक्का मारून ती पेटीत टाकू लागला.

कागदाचा मोठा गुण म्हणजे तो मागे उरतो. शंका आली, तर पेटी पुन्हा उघडावी आणि पुन्हा मोजावे. त्यासाठी कसलेही विशेष ज्ञान लागत नाही. डोळे आणि अंकगणित पुरते.

दोषही कमी नव्हते. शिक्का दोन नावांमधल्या रेषेवर पडला, तर मत बाद. ओली मतपत्रिका घडी घातल्यावर शाईचा ठसा दुसऱ्या नावावर उमटला, तर वाद. मोजणीला कधीकधी दोन-दोन दिवस लागत. याहून गंभीर प्रकार म्हणजे मतदान केंद्र ताब्यात घेणे. काही ठिकाणी गुंड केंद्रात घुसत आणि शिक्के मारलेल्या शेकडो मतपत्रिका थोड्या वेळात पेटीत कोंबून निघून जात.

यंत्राचा जन्म

१९७७ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त एस. एल. शकधर यांनी विजेवर चालणाऱ्या मतदान यंत्राची कल्पना मांडली. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपनीने १९७९ मध्ये नमुना तयार केला. ६ ऑगस्ट १९८० रोजी राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींना तो दाखवण्यात आला. पुढे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनीही हे यंत्र बनवू लागली. आज दिसणाऱ्या यंत्राचे रूप ठरवण्यात आपल्या पवईच्या आय. आय. टी.मधील औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या प्राध्यापकांचा वाटा आहे.

यंत्राची पहिली परीक्षा मे १९८२ मध्ये केरळातील परवूर विधानसभा मतदारसंघात झाली. तेथील ८४ मतदान केंद्रांपैकी ५० केंद्रांवर यंत्रे ठेवली होती. एक उमेदवार सिवन पिल्लै यांना यंत्रे मान्य नव्हती, म्हणून मतदानापूर्वीच ते उच्च न्यायालयात गेले. पण यंत्रे थांबली नाहीत. आणि गंमत पाहा, निकाल लागला तेव्हा तेच पिल्लै अवघ्या १२३ मतांनी निवडून आले! आता त्यांचे प्रतिस्पर्धी ए. सी. जोस न्यायालयात गेले.

हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. १९८४ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, तो यंत्र बिघडले होते म्हणून नव्हे. कायद्यात त्या वेळी मतपत्रिकेचा उल्लेख होता, यंत्राचा नव्हता. तेव्हा कायदा बदलल्याशिवाय यंत्र वापरता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्या ५० केंद्रांवर कागदावर पुन्हा मतदान झाले आणि या खेपेस जोस निवडून आले.

यातून एक धडा मिळतो. चांगले यंत्र तयार झाले म्हणजे काम संपले असे नाही. त्यामागे कायदा आणि लोकांची संमती लागते. डिसेंबर १९८८ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. तरीही १९९८ उजाडेपर्यंत यंत्रांचा मोठा वापर झाला नाही. त्या वर्षी मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्लीतील १६ विधानसभा मतदारसंघांत ती वापरली गेली. १९९९ मध्ये गोवा विधानसभेची संपूर्ण निवडणूक यंत्रांवर झाली. संपूर्ण राज्यात यंत्रे वापरण्याचा तो पहिलाच प्रसंग. २००४ मध्ये लोकसभेच्या सर्व ५४३ जागांसाठी दहा लाखांहून अधिक यंत्रे लागली.

यंत्राच्या पोटात काय आहे?

मतदान यंत्र म्हणजे घरातल्या संगणकासारखा संगणक नव्हे. ते मुद्दामच साधे ठेवलेले आहे. त्याचे मुख्य भाग दोन. नियंत्रण एकक मतदान अधिकाऱ्याच्या टेबलावर असते. मतदान एकक पुठ्ठ्याच्या आडोशामागे असते. दोन्ही भाग पाच मीटर लांबीच्या तारेने जोडलेले असतात. सगळे काम बॅटरीवर चालते, म्हणून ज्या पाड्यावर अजून विजेचा भरवसा नाही तेथेही यंत्र नेता येते. ते इंटरनेटला जोडलेले नसते.

तुमचे वडील किंवा आई मतदानाला जातात, तेव्हा काय घडते ते क्रमाने पाहू. बोटाला शाई लावून झाल्यावर अधिकारी नियंत्रण एककावरील 'मतपत्रिका' असे कळ-नाव असलेले बटण दाबतो. त्याबरोबर मतदान एककावर हिरवा दिवा लागतो. याचा अर्थ, यंत्र एक मत घ्यायला तयार आहे. मतदार हव्या त्या चिन्हाशेजारचे निळे बटण दाबतो. चिन्हाजवळ लाल दिवा लागतो, 'पीं' असा लांब आवाज येतो आणि यंत्राला आपोआप कुलूप लागते. आता त्याच मतदाराने बटण दहा वेळा दाबले, तरी काही होत नाही. अधिकारी पुन्हा आपले बटण दाबीपर्यंत यंत्र पुढचे मत घेत नाही.

या साध्या कुलपामुळे दोन गोष्टी साधल्या. एक, मत बाद होण्याचा प्रश्नच संपला. दोन, केंद्र लुटणे अवघड झाले. दोन मतांमध्ये ठराविक वेळ जावाच लागतो. मिनिटाला चार-पाचपेक्षा अधिक मते नोंदवता येत नाहीत. शंभर खोटी मते टाकायची, तर गुंडाला वीस-पंचवीस मिनिटे केंद्रात थांबावे लागेल. शिवाय अधिकाऱ्याने 'समाप्त' बटण दाबले, की यंत्र एकही मत घेत नाही.

मोजणी ठेवणारा भाग म्हणजे एक सूक्ष्मनियंत्रक आणि त्याची स्मृती. बॅटरी काढली तरी ही स्मृती पुसली जात नाही. एका मतदान एककावर १६ बटणे असतात. उमेदवार जास्त असतील, तर आणखी एकके जोडतात. नव्या पद्धतीच्या यंत्राला अशी २४ एकके, म्हणजे २४ × १६ = ३८४ बटणे जोडता येतात.

येथे गुप्ततेचा एक बारकावा आहे. कागदाच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजता येत, त्यामुळे कोणत्या वस्तीने कोणाला मते दिली हे लपत असे. यंत्र मात्र केंद्राचा हिशेब वेगळा दाखवते. लहानशा गावात एकच केंद्र असेल, तर अख्ख्या गावाचा कल उघड होतो. यावर उपाय म्हणून अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारे उपकरण वापरावे, असे निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले होते. ती सूचना अमलात आलेली नाही.

बंद पेटीवर विश्वास कसा ठेवायचा?

आता सुरेशच्या प्रश्नाकडे परत येऊ. डब्यातल्या चिठ्ठ्या निदान पुन्हा मोजता येत होत्या. यंत्राच्या स्मृतीत काय चालले आहे, ते डोळ्यांनी दिसत नाही. दहा वेळा 'निकाल' बटण दाबले, तर यंत्र दहा वेळा तोच आकडा दाखवील. ती फेरमोजणी नव्हे. त्याच साक्षीदाराला तोच प्रश्न पुन्हा विचारणे आहे.

आयोगाने यासाठी अनेक खबरदाऱ्या घेतल्या आहेत. मतदानाच्या सकाळी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर निदान ५० मते टाकून रंगीत तालीम होते आणि हिशेब जुळला की ती मते पुसून यंत्र मोहोरबंद करतात. कोणते यंत्र कोणत्या केंद्रावर जाणार, हे आधी कोणालाच कळू नये म्हणून यंत्रे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटतात. मतदान संपल्यावर एकूण किती मते पडली याचा लेखी आकडा प्रतिनिधींना देतात. मोजणीच्या दिवशी तो जुळावा लागतो.

तरीही शंका पूर्ण मिटल्या नाहीत. २०१० मध्ये हैदराबादचे हरि प्रसाद आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी एका यंत्रावर प्रयोग करून दाखवले, की आकडे दाखवणारी पाटी बदलून हुबेहूब दिसणारी दुसरी पाटी बसवली, तर यंत्र खोटा निकाल दाखवू शकते. आयोगाचे म्हणणे असे, की यंत्रे पहाऱ्यात आणि मोहोरबंद असतात, तेव्हा ती उघडून असा बदल करायला कोणाला संधीच मिळत नाही. मित्रांनो, दोन्ही बाजूंच्या म्हणण्यातला फरक नीट पाहा. एक बाजू यंत्राबद्दल बोलते, दुसरी यंत्राच्या राखणीबद्दल. यंत्राची खात्री शेवटी माणसांच्या राखणीवरच येऊन ठेपते.

इतर देशांनाही हाच प्रश्न पडला. ब्राझीलने १९९६ मध्ये यंत्रे आणली आणि २००० पासून संपूर्ण देश यंत्रावर मत देऊ लागला. तेथे मतदार उमेदवाराचा क्रमांक दाबतो, पडद्यावर उमेदवाराचा चेहरा दिसतो आणि मग हिरवे बटण दाबून मत पक्के करतो. मतदान संपताच प्रत्येक केंद्राचा निकाल छापून तेथेच लावतात, म्हणजे कोणालाही त्या आकड्यांची बेरीज पडताळता येते. आफ्रिकेतील नामिबियाने २०१४ मध्ये भारतात बनलेली यंत्रे वापरली. आफ्रिका खंडातला तो पहिलाच प्रयोग. परंतु त्या यंत्रांबरोबर कागदी पुरावा नव्हता. २०२० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कागदी पुराव्याविना यंत्रे वापरणे घटनेला धरून नाही असे ठरवले आणि २०२४ ची निवडणूक मतपत्रिकांवर झाली. जर्मनीसारख्या श्रीमंत देशातही २००९ मध्ये न्यायालयाने सांगितले, की विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या साध्या नागरिकालाही मोजणी पडताळता आली पाहिजे. म्हणजे प्रश्न गरिबी-श्रीमंतीचा नाही. सुरेशचा प्रश्न सगळीकडे सारखाच आहे.

काचेमागची चिठ्ठी

भारताने यावर मधला मार्ग काढला. यंत्राला एक छोटा छपाई-डबा जोडला. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'व्हीव्हीपॅट' म्हणतात. मतदाराने बटण दाबले, की उमेदवाराचा क्रमांक, नाव व चिन्ह छापलेली चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि मग आपोआप कापली जाऊन मोहोरबंद पेटीत पडते. सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडमधील नोक्सेन येथे याचा पहिला वापर झाला. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत सर्व केंद्रांवर हे डबे होते.

तुम्ही विचाराल, चिठ्ठी मतदाराच्या हातातच का देत नाहीत? घरी नेऊन जपून ठेवली असती! विचार करा. चिठ्ठी बाहेर गेली, की पैसे देणारा म्हणेल, "चिठ्ठी दाखव, मग पैसे घे." धमकी देणाराही चिठ्ठी मागेल. मग पहिली अट मोडली. म्हणून चिठ्ठी मतदाराला दिसते, पण मिळत नाही. काचेमागच्या त्या सात सेकंदांत दोन्ही अटींची तडजोड सामावलेली आहे.

पाच यंत्रांचे गणित

पण चिठ्ठ्या नुसत्या पेटीत पडून राहिल्या, तर त्यांचा उपयोग काय? त्या मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहायला हव्यात. सर्व मोजायच्या की थोड्या? एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रे चिठ्ठ्या टाकून निवडावीत आणि तेथील छापील चिठ्ठ्या मोजाव्यात. सर्वच मोजाव्यात ही मागणी न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली. मात्र निकालानंतर हरलेल्यांपैकी पहिल्या दोघांना ठराविक यंत्रांची तपासणी मागता येईल, अशी सोय केली.

पाच पुरेत का? आई भाताची दोन शिते दाबून सगळा भात शिजला की नाही ते सांगते, तसाच हा प्रकार आहे. पण आपण गणिताने पाहू.

समजा, एका विधानसभा क्षेत्रात ३०० केंद्रे आहेत आणि त्यांतील ३० यंत्रांत, म्हणजे दहांत एका यंत्रात, गडबड आहे. एक यंत्र तपासले, तर ते चांगले निघण्याची संभाव्यता ०.९. पाचही चांगली निघण्याची संभाव्यता ०.९ × ०.९ × ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे सुमारे ०.५९. याचा अर्थ, गडबड सापडण्याची शक्यता शंभरात ४१. ही काही फार नाही. पण महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे असतात. तेथे ६ × ५ = ३० यंत्रे तपासली जातात. दहांत एक यंत्र खोटे असेल, तर तीसही चांगली निघण्याची शक्यता शंभरात फक्त ४ उरते. चोर शंभरात ९६ वेळा सापडेल!

आता दुसरी बाजू. समजा, परवूरप्रमाणे निकाल शंभर-सव्वाशे मतांचा आहे. तेवढा फरक पाडायला एकच खोटे यंत्र पुरेल. ३०० मधून ५ यंत्रे उचलली, तर नेमके तेच हाती येण्याची शक्यता ५ ÷ ३००, म्हणजे साठांत एक. यावरून नियम असा निघतो : फरक मोठा असेल, तर थोडी तपासणी पुरते, फरक लहान असेल, तर जास्त तपासणी हवी. म्हणून तपासणीचा आकडा फरकाप्रमाणे बदलावा, असे अनेक संख्याशास्त्रज्ञ सुचवतात. आपल्याकडे तो सध्या पाचच आहे.

२०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत २८८ क्षेत्रांतून २८८ × ५ = १४४० यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या. कोठेही तफावत आढळली नाही, असे निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केले. तरी त्याच वेळी सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडी गावच्या काही लोकांना आपल्या केंद्राचा आकडा पटला नाही. त्यांनी कागदी मतपत्रिकांवर स्वतःच पुन्हा मतदान घेण्याचे ठरवले. प्रशासनाने बंदी घातल्यामुळे ते झाले नाही. अशा शंकेला रागावून उत्तर मिळत नाही आणि टाळ्या वाजवूनही मिळत नाही. मोजून दाखवणे आणि मोजायला बोलावणे हाच शास्त्राचा मार्ग आहे.

करून पाहा

पुढच्या वेळी वर्गप्रमुख निवडताना हा प्रयोग करा. टेबलाच्या आडोशाला दोन झाकलेले डबे ठेवा, एक सुरेशचा व एक शैलाचा. प्रत्येक मुलाने आत जाऊन हव्या त्या डब्यात एक चिंचोका टाकावा. हे झाले यंत्र. शिवाय त्याच नावाची चिठ्ठी तिसऱ्या, मोहोरबंद डब्यात टाकावी. आधी चिंचोके मोजा, मग चिठ्ठ्या. दोन्ही आकडे जुळतात का? न जुळल्यास कोणता खरा धरायचा, हे मतदानापूर्वीच ठरवून फळ्यावर लिहा. नंतर ठरवायला गेलात, तर भांडण होईल.

आणि मोजणी कोणाला करायला सांगाल? आमची सूचना अशी : चिठ्ठ्या सुरेशने मोजाव्यात, शैलाने पाहावे, मग शैलाने मोजाव्यात, सुरेशने पाहावे. शेवटी जो हरेल त्याने स्वतः फळ्यावर निकाल लिहावा. तो त्याने कुरकुर न करता लिहिला, तर तुमची निवडणूक यशस्वी झाली असे समजा.

विचार करा

१. तुमच्या गावात किंवा प्रभागात मतदान केंद्रे किती आहेत? त्यांतील पाचच तपासली, तर एकुलते एक बिघडलेले यंत्र सापडण्याची शक्यता किती?

२. मतदान घरबसल्या फोनवरून झाले, तर वरील दोन अटींपैकी कोणती आधी मोडेल? का?